पुलपीटवरचं पवित्र शास्त्र (बायबल) बाइंडिंगला दिलं, त्याचा अनुभव

नगरला दिल्ली दरवाज्याजवळच्या एका बोळात हे दुकान आहे. पाटी नाही. बाइंडिंग करणाऱ्या चाचांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे देत नाही. बोळात शिरल्यावर सरसाचा वास आला की पोचलात. जुनी पोथी, कुराण, पवित्र शास्त्र, घरातली वंशावळीची वही, काहीही जीर्ण झालं असेल तर डोळे मिटून इथे द्या, असं मी म्हणेन.

पुस्तक कसं फाटलं हे आधी सांगते, कारण चाचांनीही तेच आधी विचारलं. "बाई, हे वापरून झिजलेलं नाही. कणा मोडलाय. पडलं का?"

मी म्हटलं, "ओढाओढीत पडलं."

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन तट पडले होते. कारण पंचकमिटीची निवडणूक, पण मुळात जुनी दुखणी. कोण कुठल्या वाड्यातून आला हे आमच्यात बाप्तिस्म्यानंतर तीन-तीन पिढ्या विसरलं जात नाही, लग्न जुळवताना तर नाहीच. एका रविवारी उपासना कोणी चालवायची यावरून पुलपीटपाशी, म्हणजे उपदेशाच्या मंचापाशी, झोंबाझोंबी झाली आणि शास्त्र खाली दगडी पायरीवर आपटलं. दोन्हीकडचे हात एकदम थांबले. पण सलोखा झाला नाही. त्या वर्षी नाताळचं प्रीतिभोजनही दोन झालं, एकाच आवारात दोन मांडव, दोन पातेली. मी एका मांडवात जेवले. दुसऱ्या मांडवात माझी सख्खी जाऊबाई वाढत होती आणि आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. फुटलेलं शास्त्र चादरीत बांधून चौदा महिने कपाटात पडून होतं. शेवटी एकदा मीच ते उचललं आणि नगरची एसटी धरली.

आता कामाबद्दल. चाचांनी पुस्तक उघडलं ते दोन्ही तळहातांवर, बाळ घेतात तसं. आधी फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेले पानांचे गठ्ठे, मोजले. कुठला सुटलाय, कुठल्याची शिवण अजून धरून आहे, हे कागदावर मांडलं. जुना सरस गरम पाण्याच्या ओल्या फडक्याने भिजवून हळूहळू खरवडून काढला. शिवण पुन्हा हाताने, मेण लावलेल्या जाड दोऱ्याने घातली. पानं चिकटवायला मैद्याची खळ, आणि खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मी पांढरा गम चालेल का विचारलं तर म्हणाले, तो एकदा धरला की सोडत नाही. उद्या कोणाला परत दुरुस्त करायचं झालं तर पान फाटेल, खळ पाण्याने सुटते. माझ्यानंतर येणाऱ्या बाइंडरची सोय मी कशाला बिघडवू?

सगळ्यात वाईट स्थितीत होतं करिंथकरांस पहिले पत्र. तिथे पूर्वी कोणीतरी चिकटपट्ट्या लावल्या होत्या, त्या पिवळ्या पडून खालची अक्षरं खात होत्या. दोन पानांचे तुकडे झाले होते. मी म्हटलं, तेवढी दोन पानं नव्या शास्त्रातून झेरॉक्स काढून लावा, वेळ वाचेल. चाचा म्हणाले, "तुकडा आहे ना हातात? मग टाकायचा नाही." पट्ट्या काढायला त्यांना दोन दिवस लागले. मग तुकडे जुळवून मागून पातळ टिश्यू कागद लावला. आता ओळ वाचता येते, फाटलेली रेघही दिसते.

काम चालू असताना त्यांनी विचारलं, हे कोणाचं पत्र? मी सांगितलं. प्रेषित पौलाने इ. स. ५५च्या सुमारास इफिसहून ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेलं. तिथेही तट होते, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. प्रभुभोजनाला एकत्र जमायचे आणि ज्यांच्याकडे होतं ते आधीच खाऊन घ्यायचे, गरीब उपाशी राहायचे. हे सांगताना मला आमचे दोन मांडव दिसले आणि मी मध्येच थांबले. चाचांनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "मग त्यांना तोडलं असेल त्याने?"

नाही तोडलं. पत्राच्या सुरुवातीलाच, एकही चूक काढण्याआधी, पौल त्यांना देवाची मंडळी म्हणतो. प्रीतीचा तेरावा अध्याय आम्ही लग्नात वाचतो, फ्रेम करून भिंतीवर लावतो, पण तो मुळात या भांडखोर लोकांना लिहिलेला आहे. आणि ते सुधारले असंही नाही. चाळीसेक वर्षांनी, इ. स. ९६च्या सुमारास, रोमच्या मंडळीला करिंथला पुन्हा पत्र लिहावं लागलं, क्लेमेंटच्या नावाने ते ओळखलं जातं. कारण तेच, दुफळी. आपल्या वडील मंडळींना त्यांनी पदावरून काढलं होतं. रोमकरांनी लिहिलं, पौलाचं पत्र काढून पुन्हा वाचा. म्हणजे आपली सगळी लाज ज्यात लिहिली आहे ते पत्र करिंथकरांनी फाडून टाकलं नव्हतं. आणि त्यानंतर सत्तरेक वर्षांनी करिंथचाच बिशप दियोनिसियस सांगतो की क्लेमेंटचं ते पत्र आम्ही आजही प्रभूच्या दिवशी उपासनेत वाचतो. इतकं होऊन तिथे उपासना चालू होती, भाकर मोडली जात होती. देवाने त्या घराचं दार लावून घेतलं नव्हतं. मी हे पत्र लहानपणापासून वाचत आले, पण आमच्याकडची चादर सोडल्यावरच ते मला नीट कळलं. चौदा महिने मला वाटत होतं की देव आमच्यातून निघून गेलाय. तो कुठे गेला नव्हता. आम्हीच त्याचं शास्त्र कपाटात ठेवलं होतं.

अजून एक गोष्ट, आणि यासाठी मी चाचांची कायम ऋणी राहीन. बाइंडिंग झालं की तिन्ही बाजू यंत्रावर कापून सारख्या करतात. कापण्याआधी त्यांनी मला फोन केला. योहानाच्या सतराव्या अध्यायाच्या समासात पेन्सिलीने काही लिहिलंय, कापलं तर जाईल, काय करू? मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. "२९-११-७०, नागपूर" एवढंच. त्या दिवशी नागपुरात सहा चर्चपरंपरा एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. सगळे एक व्हावेत अशी येशूची प्रार्थना त्याच अध्यायात आहे. आमच्या तेव्हाच्या पाळकसाहेबांचं अक्षर मी ओळखलं, त्यांनीच मला शब्बाथ शाळेत शिकवलं होतं. कडा कापू नका म्हटलं. त्यामुळे पुस्तकाच्या कडा खालीवर दिसतात. दिसू देत.

खर्च १,८०० रुपये, त्यात बकरमचं कापड आणि दोन फिती. मी ५०० आगाऊ दिले होते. तक्रार एकच. तीन आठवडे सांगून पाच लावले, आणि मधे दोनदा हेलपाटा पडला. घाई असेल तर इथे देऊ नका. सोनेरी अक्षरंही जरा तिरकी बसली आहेत. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं, त्या हिशेबाने निघा.

शास्त्र घेऊन आले त्या रविवारी मंडळीत दोन्ही तट आपापल्या बाजूच्या बाकांवर बसले होते. भांडण अजून मिटलेलं नाही, फाइल कोर्टातच आहे. पण पहिला पाठ वाचायला जाऊबाई उठल्या, आणि पानं जड जात होती म्हणून मी शेजारी उभी राहून पुस्तक धरलं.

चाचांनी सोबत एक पाकीट दिलंय. पुस्तकातून निघालेलं सगळं त्यात आहे, जुना दोरा, पिवळ्या पट्ट्या, एक वाळलेलं पिंपळपान, लग्नाच्या घोषणेची एक चिठ्ठी. चिठ्ठीवरच्या दोघांपैकी मुलगा या तटातल्या घरचा आहे, मुलगी त्या. ते पाकीट मी दानपेटीच्या कपाटात ठेवलंय.