पिवळ्या तारांचा कपलर जळाला: टेप, क्रिम्प, तयार किट की कंपनीचं वायरिंग?

गेल्या मे महिन्यात मोटरसायकलने रामटेकहून परत येताना मनसरच्या पुढे हेडलाइट पिवळा पडला आणि कामठी येईपर्यंत हॉर्नचा आवाजही बसला. बॅटरी सहा महिन्यांपूर्वीचीच होती. सीट काढल्यावर कळलं, जळाला होता तो कॉइल प्लेटकडून (इंजिनातला वीज तयार करणारा भाग) रेक्टिफायरकडे (ती वीज बॅटरीला चालेल अशी करणारा भाग) जाणाऱ्या तीन पिवळ्या तारांचा कपलर, म्हणजे तारा जोडणारी प्लास्टिकची डबी. पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन एका पिनेभोवती वितळलं होतं आणि त्या पिनेमागची तार वाकवली की कुरकुर वाजायची.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे निवड सोपी जाईल. पिन सैल झाली की तिथे रोध वाढतो. ०.१ ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण त्यातून १५ अँपिअर वाहिले की साडेबावीस वॅट उष्णता त्या एवढ्याशा पिनेत तयार होते. म्हणजे २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या डबीत चालू ठेवल्यासारखंच. त्यात आपलं नागपूर! २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) इंजिनाच्या धगीत ही तार निवायला वावच मिळत नाही. शिवाय बऱ्याच गाड्यांत शंट पद्धतीचा रेक्टिफायर असतो. तो जादा वीज कॉइलमध्येच शॉर्ट करून जिरवतो, त्यामुळे लाइट बंद ठेवले तरी पिवळ्या तारांवरचा भार उतरत नाही.

खर्चाआधी मल्टिमीटर लावा. इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. पंधराच्या वर जात असतील तर आधी रेक्टिफायर आणि त्याची सेन्सिंगची तार (बॅटरीचे व्होल्ट त्याला कळवणारी) तपासा. इंजिन बंद करून, कपलर सोडवून प्रत्येक पिवळी तार आणि बॉडी यांत कंटिन्युइटी पाहा, म्हणजे दोन्ही आतून जोडलेले आहेत का ते. ती दाखवत असेल तर कॉइलच गेली आहे, वायरिंगवर पैसे घालू नका.

कॉइल ठीक असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पीळ देऊन टेप मारणं. मीही त्या दिवशी "भाऊ, घरी पोचण्यापुरता जॉइंट मारून द्या" म्हणालो आणि घरी पोचलो. पण उन्हात टेपचा गोंद पाझरतो, टेप सुटते आणि पावसाळ्यात पाणी शिरून तांब्यावर हिरवं चढतं. माझा जॉइंट जुलैतच पुन्हा काळा पडला. रस्त्यावर अडकलात तर जरूर करा, पण आठवड्याभरात काढून टाका.

माझं मत क्रिम्पच्या (तारांची टोकं धातूच्या छोट्या नळीत, म्हणजे स्लीव्हमध्ये, दाबून जोडण्याच्या) बाजूने आहे, पण तो नीट केला तरच. जळका कपलर कापायचा आणि चकचकीत तांबं दिसेपर्यंत तार मागे सोलत जायचं. काळी पडलेली तार कितीही घट्ट दाबली तरी पुन्हा तापते. तेवढ्याच जाडीची अस्सल तांब्याची तार, योग्य मापाचा स्लीव्ह, क्रिम्पिंगची पक्कड (साधी नको) आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसणारी). अनेक मिस्त्री सोल्डरिंगचा आग्रह धरतात. पण कथील तारेत वर चढून ती कडक करतं आणि थरथरीने नेमकी तिथेच तार तुटते. कपलर न लावता सरळ जोडलं तर पुढे रेक्टिफायर बदलताना तारा कापाव्या लागतील. मला ते चालतं.

तयार वायरिंग किट दिसायला सुरेख असतं, पण स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघू शकतं. घेण्याआधी तारेचं टोक ब्लेडने खरवडा, आतून पांढरट निघालं तर परत करा. चांगलं किट मात्र एका बाबतीत खरंच उपयोगी आहे. रेक्टिफायरच्या आउटपुटपासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र जाड तार आणि बॅटरीजवळ फ्यूज मिळाला की मूळ वायरिंगमधले जुने जॉइंट टळतात. फ्यूज नसेल तर ते किट फुकटही लावू नका. ती तार घासून बॉडीला लागली तर गाडी पेटेल.

गाडी वॉरंटीत असेल तर काहीही कापू नका, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. दोन-तीन ठिकाणी इन्सुलेशन भाजलं असेल तरीही कंपनीचं वायरिंगच घ्या. नुसत्या एका कपलरसाठी अख्खं वायरिंग बदलणं मला पटत नाही, कारण नव्या वायरिंगमध्येही तसाच कपलर येतो.

कुठलंही काम करून घेतलं तरी गॅरेजमधून निघण्याआधी इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मीटरचं एक टोक रेक्टिफायरच्या पॉझिटिव्हला, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर सीट बसवू देऊ नका.