लातूरचं जुन्या खवा यंत्रांचं दुकान: कढईचा भाव रास्त, मोटारीचा नाही

भूम, वाशी, कळंबकडच्या भट्टीवाल्यांना जुनं खवा यंत्र (मोटारीने ढवळत दूध आटवणारी कढई) घ्यायचं किंवा विकायचं असेल, तर लातूर एमआयडीसीतलं हे दुकान बघण्यासारखं आहे. इथे कढईचा भाव पत्रा तपासून लावतात. मोटार आणि गिअरबॉक्सचा भाव मात्र नुसती वर्षं मोजून सांगतात. घासाघीस करायची ती तिथे.

आधी कढई, कारण निम्मी किंमत तिचीच. चुंबक चिकटला नाही म्हणजे पत्रा ३०४ (चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील), हा गिऱ्हाइकाचा समज दुकानदार स्वतःच खोडून काढतो. २०२ या हलक्या प्रतीच्या पत्र्यालाही चुंबक धड चिकटत नाही. तो पत्र्यावर तपासणीचा थेंब टाकून बॅटरी लावतो. थेंब लाल झाला तर पत्रा २०२. ही तपासणी फुकट करून देतात, याचं कौतुक केलंच पाहिजे. २०२ची कढई वेल्डिंगच्या टाक्यांजवळ गंजाचे ठिपके धरते, आणि पॉलिश मारून ते चार दिवस लपवता येतात.

कढईचा तळ घासून पातळ झालाय का, हे काठाला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून कळत नाही. तिथे वजनच करावं लागतं. २ मिमी जाडीचा स्टीलचा पत्रा चौरस मीटरला साधारण १६ किलो भरतो. कढईचं माप घेऊन हिशेब लावा. तळ पातळ असला की आच पसरत नाही, दूध एकाच जागी धरतं आणि सगळ्या खव्याला करपट वास लागतो. अशी कढई भंगाराच्या भावानेच घ्यावी.

मोटारीबाबत दुकानाचा हिशेब पटत नाही. फक्त लग्नसराईत चालणारी भट्टी आणि दोन्ही वेळ शंभर लिटर आटवणारी भट्टी, दोन्हींची तीन वर्षं सारखी कशी धरायची? गिअरबॉक्सच्या ऑइल सीलखाली बोट फिरवून बघा; बोटाला तेल लागलं तर सील गळतंय. १ एचपी सिंगल फेज मोटार पूर्ण भाराला साधारण ६ ते ७ अँपिअर घेते. क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजायचं साधन) त्याच्या बराच वर गेला तर वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) किंवा बेअरिंगचं काम आहे. मोटार नुसती गुणगुणते आणि सुटत नाही, तेव्हा बहुतेक कॅपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्त आहे, त्यासाठी विकणाऱ्याने हजारो रुपये सोडू नयेत.

समजा, तसंच नवं यंत्र आज ८०,०००ला पडतं. कढई ३०४ची, तळ शाबूत, तर ४०,०००पासून बोलणं सुरू करा. त्यातून सील, बेअरिंग, कढई खरवडणाऱ्या टेफ्लॉनच्या पट्ट्या आणि रिवाइंडिंग यांचा गावातल्या मिस्त्रीने सांगितलेला खर्च वजा करा. तो ६,५०० निघाला तर रास्त भाव ३३,५००. विकणाऱ्याने सील आणि पट्ट्या आधीच बदलून बिल जपावं, तो खर्च वसूल होतो. पॉलिशचा होत नाही.

दुकानात यंत्र पाणी घालून चालवून दाखवतात. त्यावर पैसे देऊ नका. खरा भार दूध घट्ट झाल्यावर येतो; बेल्ट तेव्हाच घसरतो आणि गिअर तेव्हाच आवाज करतो. दूध आणि सिलिंडर आपला नेला तर ते चाचणी करू देतात. म्हशीचं २० लिटर दूध न्या, साधारण ४ किलो खवा निघेल. व्यवहार उन्हाळ्यात, जनावरांचं दूध कमी झाल्यावर करा; दसऱ्याच्या तोंडावर दुकानदार भाव सोडत नाही.