पोलादी हात खांद्याला धरतो कसा? नवी पेठेतल्या जुन्या कॉमिक्सची पारख

सोलापुरात नवी पेठेत जुन्या पुस्तकांच्या ढिगात कॉमिक्सचे गठ्ठे मिळतात. त्यातले यंत्राचे हातपाय असलेल्या नायकांचे अंक वेगळे काढून कृत्रिम अवयव बनवणाऱ्याच्या नजरेने तपासले. घरात कृत्रिम पाय लावणारं मूल असेल, तर कोणता अंक घ्यावा हे नीट बघूनच ठरवायला हवं.

मार्व्हल कॉमिक्समधल्या विंटर सोल्जर या लढवय्याचा धातूचा डावा हात चित्रकारांनी देखणा काढलाय. एकावर एक बसलेल्या पट्ट्या, दंडावर लाल तारा. पण अशा हाताने मोटार उचलली, तर तिचं वजन कुठे जाईल? हात टिकेल, पण भार शेवटी हाडामांसाच्या खांद्यावर आणि मणक्यावर येईल, आणि खांदा जागेवर राहणार नाही. खांद्यापासून हात गेलेल्या माणसाला प्रत्यक्षात छाती-पाठीवर बसणारं प्लॅस्टिकचं कवच घालावं लागतं, आणि त्याचा पट्टा दुसऱ्या काखेतून जातो. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात त्या कवचाखाली घाम साचतो, कवच घसरतं. विजेवर चालणारा हात असेल तर स्नायूंचे इशारे टिपणाऱ्या इलेक्ट्रोडचा कातडीशी संपर्क बिघडतो. मग मूठ उघडायची तेव्हा उघडत नाही. हा घाम एकाही पानावर नाही.

राज कॉमिक्सचा यंत्रमानव पोलीस इन्स्पेक्टर स्टील हिंदीत असल्याने मुलं झरझर वाचतात. मेंदू माणसाचा, बाकी शरीर यंत्राचं. त्यामुळे माणूस आणि यंत्र यांच्या जोडाचा प्रश्न मानेवरच उरतो, आणि तिथे तो जास्त अवघड आहे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण तो सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. त्याला अखंड रक्त, प्राणवायू आणि साखर लागते. पोलादाच्या शरीरात ती कुठून येते, हे विचारणारं मूल हुशार समजावं.

सगळ्यांत मोलाचा वाटला डीसी कॉमिक्सचा सायबॉर्ग, म्हणजे व्हिक्टर स्टोन. लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी १९८० मध्ये उभा केलेला. अपघातानंतर वडिलांनीच त्याला यंत्राने जगवलं, आणि त्याचा राग तो बाळगून आहे. सुरुवातीच्याच एका कथेत त्याची गाठ कृत्रिम हातपाय लावणाऱ्या शाळकरी मुलांशी पडते. ती मुलं त्याच्या धातूच्या हाताकडे घाबरून बघत नाहीत, कौतुकाने बघतात. असा पाय लावून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हातात ही कथा पडायलाच हवी.

तरी एक उणीव या सगळ्याच अंकांत आहे: रात्री कोणी पाय काढून ठेवत नाही. गुडघ्याखालचा पाय लावणाऱ्याचा स्टंप, म्हणजे उरलेला पाय, दिवसभरात आकसतो. सकाळी घट्ट बसलेला सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची स्टंपवर बसणारी खोळ, दुपारी सैल पडतो, मग स्टंपवर आणखी एक मोजा चढवावा लागतो. मोजा टाळला तर स्टंप सॉकेटमध्ये खाली उतरतो आणि नडगीच्या टोकाशी कातडी सोलते. वाढत्या मुलाला तर साधारण वर्षभरात सॉकेटच लहान पडतो. नायक मात्र वर्षानुवर्षं त्याच हाताने लढतात. आणि मांडी घालून पंगतीला बसणारा पोलादी नायक? तो सापडला नाही. आपल्याकडे तर १९६८ मध्ये रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडवला तेव्हा उकिडवं बसणं, अनवाणी चालणं, मांडी घालणं हाच मूळ विचार होता.

गठ्ठा घेताना मधली पिन बघा. ती गंजलेली असली की आधी मधला कागद सुटतो, आणि एका कागदाबरोबर चार पानं जातात. ३२ पानांच्या अंकात आठ कागद असायला हवेत, दुकानातच मोजा. सायबॉर्गचा अंक सापडला तर आधी तो घ्या, पानं पिवळी पडलेली असली तरी चालेल.