माउंजारोचे नऊ महिने आणि बंद पडलेला फ्रिज

एप्रिलचा पहिला शनिवार. पतसंस्थेतून घरी आले, पाणी घ्यायला फ्रिज उघडला तर आतला दिवाच लागला नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी. वरच्या कप्प्यातल्या छोट्या थर्मामीटरवर ३४. त्याच्या शेजारी माझं माउंजारोचं, म्हणजे वजन कमी करण्याच्या इंजेक्शनचं पेन, दोन डोस शिल्लक असलेलं. सोलापुरात त्या दिवशी ४१ होतं आणि लाईट सकाळपासून होती, म्हणजे गेला होता तो फ्रिजच.

पाच मिलिग्रॅमचं पेन तेव्हा १६,४०६ रुपयांना येत होतं, त्यात चार डोस. निम्मं पेन म्हणजे ८,२०३ रुपये. चालू केलेलं पेन ३० अंशांच्या आत ठेवलं तर बाहेरही ३० दिवस टिकतं, पण ३४ अंशांत ते किती तास पडून होतं हे कोण सांगणार? डॉक्टरांना फोन केला. "टाकून द्या, टोचू नका," एवढंच म्हणाले. फ्रिजवाल्यांच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस "२४ तासांत येतो" म्हणून तिसऱ्या दिवशी उगवला, आणि आल्या आल्या आधी व्हिजिट चार्ज मागितला.

गोळी असती तर हा प्रश्नच आला नसता. या औषधाबद्दल लिहिणारे सगळे मळमळीवर आणि किलोंवर लिहितात, फ्रिजबद्दल कोणीच लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. २ ते ८ अंश, गोठलं तर फेकायचं, तापलं तर फेकायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, आपल्याकडच्या लाईटच्या भरवशावर, हे सांभाळणं इंजेक्शन टोचण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

तो थर्मामीटर ऑक्टोबरमध्ये घेतला होता, त्यालाही कारण घडलं होतं. ऑनलाइन मेडिकलवर दहा टक्के सूट दिसली, साधारण १,६४० रुपये वाचत होते, म्हणून तिथून पेन मागवलं. पार्सल दोन दिवस कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पडून. उघडलं तेव्हा जेल पॅक कोमट पाण्याची पिशवी झाला होता. फोटो पाठवले, सात फोन केले, प्रत्येक वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. पैसे १९ दिवसांनी परत आले. मधल्या काळात डोस चुकू नये म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पूर्ण किमतीत दुसरं पेन आणलं. तेव्हापासून सूट बघणं सोडलं. मेडिकलवाल्या दादांच्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे, ते मी आधी विचारून घेतलं.

आता औषधाकडे. वय ४७, उंची पाच फूट दोन इंच, जुलै २०२५ मध्ये वजन ८९.४, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.३. त्याआधी डॉ. दीक्षितांचं दोन वेळचं जेवण पाच महिने केलं होतं. त्यात सात किलो उतरले, ते मी टिकवू शकले नाही. इंजेक्शन घेणं म्हणजे मन घट्ट न करता पळवाट काढणं, असं माझं ठाम मत होतं. सासूबाईंचंही तेच. डॉक्टरांनी घरात कोणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर आहे का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, हे विचारलं आणि अडीच मिलिग्रॅमच्या वायलने, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीने, सुरुवात केली. चार आठवड्यांनी पाच, आणि पुढे शेवटपर्यंत पाचच.

दुसऱ्या आठवड्यात जे झालं ते मी विसरणार नाही. रात्री साडेनऊला भांडी आवरून झाली की शेवेचा डबा काढायचा, ही माझी वीस वर्षांची सवय. त्या दिवशी डबा खाली घेतला, झाकणावर बोटं ठेवली, आणि खावंसंच वाटेना. भूक दाबत होते असं नाही, भूक नव्हतीच. साडेचारच्या चहाबरोबरची खारी, टेबलावर कोणी ठेवलेला चिवडा, घरी जाताना वाटेतली भजी, दिवसभर डोक्यात जे चालू असायचं ते थांबलं होतं. मी डबा जागेवर ठेवला आणि तिथेच उभी राहून रडले. इतकी वर्षं स्वतःला हावरट समजत आले. मनाचा कमकुवतपणा समजून ज्याच्याशी भांडत होते, त्यात शरीराचा केवढा वाटा होता, ते जीआयपी आणि जीएलपी-१ या दोन संप्रेरकांची नक्कल करणाऱ्या एका औषधाने दाखवून दिलं. पळवाटीचं मत मी त्या रात्री मागे घेतलं.

त्रास झाला. डोसच्या दुसऱ्या दिवशी फोडणीच्या वासाने मळमळायचं, करपट ढेकरा, बद्धकोष्ठता. दोन-अडीच महिन्यांत बरंच निवळलं. चौथ्या डोसनंतर पेनमध्ये थोडं औषध दिसतं, ते सुई घालून काढायच्या नादी लागू नका. मलाही जीव तुटायचा, पण ते निर्जंतुक राहत नाही.

नोव्हेंबरपर्यंत मी भेटेल त्याला सांगत होते, आता पथ्याचं काही उरलं नाही, इंजेक्शन घ्या. हे मतही बदलावं लागलं.

आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं. डिसेंबरात एका पहाटे बादल्या जिन्यावरून वर नेत होते. नेहमीची वीस लिटरची बादली, आणि सहाव्या पायरीवर हात सुटला. पाणी पार खालच्या दारापर्यंत गेलं. वजन आठ किलोंनी कमी, आणि एक बादली उचलेना. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात काय खाता? खरं सांगितलं: सकाळी चहा-बिस्किट, दुपारी अर्धी भाकरी आणि चटणी, रात्री दोन घास भात. भूक नाही म्हणून तेच जुनं खाणं कमी कमी करत गेले होते. किलो चरबीचे गेले तसे स्नायूंचेही गेले. औषधाने घास मोजले, कुठला घास घ्यायचा ते मात्र माझ्याकडेच होतं, आणि पाच महिने मी तिकडे बघितलंच नव्हतं.

तिथून स्वयंपाकघर बदललं. सोलापूरच्या घरात शेंगाचं कूट कशात नसतं? वांग्यात, मटकीत, कोशिंबिरीत, शिवाय चटणी वेगळी. शेंगदाण्यात प्रथिनं असतात खरी, पण १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. कूट मी चमच्याने घालायला लागले. चटणी बंद केली नाही, ती बंद केली असती तर घरात कोणीच ऐकलं नसतं. हुलग्याचं माडगं आठवड्यातून तीनदा. रोज दोन अंडी. ताटात आधी उसळ आणि पालेभाजी, मग भाकरी. एक वाटी पातळ वरणात पाच-सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि मला दिवसाला साठाच्या पुढे हवी होती, हा हिशेब केल्यावर वरण घट्ट झालं. तेल आमच्या पाच माणसांना महिन्याला सहा लिटर लागायचं. एका माणसाला दिवसाला ४० मिलिलिटर! आता साडेतीन लिटर लागतं. रात्रीचं जेवण साडेसातला. सासूबाईंनी पहिले पंधरा दिवस "भाजी कोरडी झाली" म्हणून ऐकवलं, मग त्यांचे गुडघे हलके वाटायला लागले तसं माडग्याची तयारी त्याच करून ठेवू लागल्या.

हे सगळं करायला डोकं शांत लागतं. भुकेने जीव कासावीस असताना माझ्याने ते कधीच झालं नव्हतं. इंजेक्शनचं मोल मला विचाराल तर हेच: त्याने मला सवय लावायला निवांत महिने दिले.

मार्चअखेर वजन ७६.८, एचबीए१सी ५.६. आणि मग तो शनिवार.

त्या रात्री मी आकडे लिहून काढले. नऊ महिन्यांत दहा पॅक, १ लाख ६३ हजार ८४२ रुपये, तेही २२ सप्टेंबरला जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आल्यामुळे. नाहीतर हेच पेन १७,५०० चं होतं. पुढचं पेन आणण्याआधी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थांबायला विरोध केला नाही, पण याच औषधाच्या २०२३ मधल्या सरमाउंट-४ चाचणीचे आकडे समोर ठेवले. ३६ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन कमी झालेल्यांपैकी ज्यांचं औषध काढून घेतलं, त्यांचं पुढच्या ५२ आठवड्यांत १४ टक्के परत वाढलं. ज्यांनी चालू ठेवलं, त्यांचं आणखी साडेपाच टक्के उतरलं. लठ्ठपणा हा रक्तदाबासारखाच दीर्घ आजार आहे, म्हणाले. मी म्हटलं, उन्हाळा संपेपर्यंत बघते, दर रविवारी वजन करते, ८० च्या वर गेलं की परत येते.

आज मे संपत आलाय, शेवटच्या डोसला आठ आठवडे झाले. पहिले दोन आठवडे काहीच फरक नव्हता. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री, बरोबर साडेनऊला, शेवेचा डबा आठवला. मला भीती वाटली, खरंच वाटली. उठून ताक प्यायले, डब्याला हात लावला नाही. त्यानंतर दोनदा लावला. वजन ७८.६. म्हणजे १.८ किलो वाढलं, पण गेल्या तीन रविवारी काटा तिथेच आहे. बादली वर नेता येते, दोन्ही हातांत दोन.

म्हणून "औषध की आहार" असं कोणी विचारलं की मला त्रास होतो. लठ्ठपणा असलेल्या माणसाला नुसतं "कमी खा" म्हणणं किती क्रूर आहे ते मला आता कळतं, आणि नुसतं पेन हातात देऊन ताटाबद्दल एक शब्द न बोलणंही तितकंच चूक आहे. मला पहिले पाच महिने ताटाबद्दल नीट कोणी बोललं नाही.

परत सुरू करायची वेळ आली तर? सेमाग्लूटाइड या तशाच दुसऱ्या औषधाचं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, देशी कंपन्यांची पेनं स्वस्तात मिळतात, डॉक्टर बहुधा तेच देतील. फ्रिज मात्र त्यालाही लागतोच. सासऱ्यांचं इन्सुलिन त्याच फ्रिजमध्ये होतं, त्या रात्री नवी बाटली आणली आणि दुरुस्ती होईपर्यंत सासूबाईंनी ती डबीत घालून, ओलं फडकं गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवली. थर्मामीटर आत टाकून बघितला, २६. चालू पेनला पुरेल इतका गारवा. तेव्हा मडकं आता कायमचं ओट्याखाली ठेवलंय, फडकं उन्हाळाभर सकाळ-संध्याकाळ भिजवायचं. आणि पेन आणायला जाताना घरून थर्मास न्यायचा, आत बर्फ, बर्फावर जाड टॉवेलची घडी, त्यावर पेन. बर्फाला थेट लागू द्यायचं नाही, गोठलं तर तेही फेकावं लागतं.