उद्यमनगरातलं डिझेल पंपाचं दुकान: डाग द्यायला नकार, पण प्रेशर पाईप बसवावेत तर इथेच

माझी गाडी टाटा २५१५. टाटा कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, जुना मेकॅनिकल पंप. पंपापासून नोझलपर्यंतचे (नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) सहाही प्रेशर पाईप मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या दुकानात बदलून घेतले. कामावर मी खूश आहे आणि का ते जरा सविस्तर लिहितो, कारण पाईप बदलणं म्हणजे दोन नट सोडायचे नि दोन आवळायचे, असंच बऱ्याच गाडीमालकांना वाटतं.

गाडी मिसिंग मारत होती, म्हणजे एक सिलिंडर नीट पेटत नव्हतं, केबिनमध्ये डिझेलचा वास यायचा. तिसऱ्या सिलिंडरच्या पाईपला तवंदी घाटाच्या अलीकडे एका मिस्त्रीने पितळेचा डाग देऊन दिला होता, म्हणजे पितळ वितळवून तडा बुजवला होता. लोड गाडी घाट चढायला लागली की पुन्हा तेच.

इथल्या मिस्त्रींनी आधी सगळे पाईप कोरड्या फडक्याने पुसले. मग इंजिन चालू करायला लावलं आणि पुठ्ठ्याची लांब पट्टी पाईपच्या कडेने हळूहळू फिरवली. आयडलिंगला काहीच दिसेना. रेस दिली, पट्टी पंपाकडच्या नटाच्या मानेशी आली आणि पुठ्ठ्यावर बारीक ओली रेघ उमटली. आमच्या क्लीनरने बघायला बोट पुढे केलं, तर मिस्त्रींनी त्याचा हात झटकन मागे ओढला. "बोट लावू नगंस, कातडीतनं आत शिरतंय डिझेल!" हे अगदी खरं आहे. या इंजिनाचं नोझल साधारण अडीचशे बारला उघडतं आणि पाईपमधला दाब त्याच्याही कितीतरी वर जातो. ट्रकच्या टायरात आपण आठ बारच्या आसपास हवा भरतो, त्यावरून अंदाज घ्या. ती धार हाताला लागली तर वरून नुसती सुई टोचल्यासारखी खूण दिसते, पण आत गेलेलं डिझेल बोट सडवतं. दुखत नसलं तरी तडक दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना डिझेल आत गेल्याचं स्पष्ट सांगायचं. हा एक परिच्छेद तरी आपल्या ड्रायव्हरला वाचून दाखवा.

मी विचारलं, परत डाग देता का? "ह्यो पाईप डाग द्यायचा न्हाई मालक, बदलायचा." जाड भिंतीची, विनाजोड ओढलेली स्टीलची नळी आणि आतलं भोक जेमतेम दोन मिलिमीटरचं. डाग देताना पितळ आत उतरलं की भोक बुजतं, आणि तापवल्यावर त्या जागी नळीची ताकदही जाते. जुन्या पाईपचं तोंड त्यांनी मला उजेडात धरून दाखवलं. गळती थांबावी म्हणून कोणीतरी नट इतका आवळला होता की पाईपच्या टोकाचा निमुळता कोन चेपून भोकाचं तोंड आवळलं गेलेलं. बारीक तार आत जाईना. नवीन पाईपमध्ये तीच तार सरळ गेली.

मला सगळ्यात पटलं ते मात्र पुढचं. पाईप का फुटला, याचं कारण शोधल्याशिवाय त्यांनी नवीन सेट उघडला नाही. कारण क्लॅम्प! तीन पाईप एकत्र धरणाऱ्या क्लॅम्पचं रबर गळून गेलं होतं आणि बोल्टच्या जागी बांधणीची तार होती. इंजिन १८०० आरपीएमला असलं की प्रत्येक पाईपमधून मिनिटाला ९०० वेळा दाबाचा धक्का जातो. वरून इंजिनाची थरथर. क्लॅम्प नसला की तो सगळा मार नटाच्या मानेवर येतो आणि तिथेच तडा जातो. नवीन पाईप टाकून क्लॅम्प तसाच ठेवला असता तर पैसे पाण्यात गेले असते. त्यांनी सगळे क्लॅम्प, रबर आणि बोल्ट नवीन घातले.

बसवण्याची पद्धतही बघण्यासारखी. जुना पाईप निघाला की पंपाच्या आणि नोझलच्या तोंडावर लगेच टोपणं. नवीन पाईप स्वच्छ डिझेलने धुवून, हवा मारून घेतले. दोन्ही टोकांचे नट आधी हाताने पूर्ण फिरवले. पाईप ओढूनताणून नटापर्यंत आणावा लागत असेल तर तो बसवायचाच नाही, असा त्यांचा नियम. पंपाकडचा नट आवळताना खालचा डिलिव्हरी होल्डर (पंपावरचा, पाईप ज्यावर बसतो तो भाग) दुसऱ्या पान्याने धरला, म्हणजे तो सोबत फिरत नाही. शेवटचा पीळ टॉर्क पान्याने, आणि क्लॅम्प सगळ्यात शेवटी. मग हातपंपाने डिझेल लाईनमधली एअर काढली, नोझलकडचे नट ढिले ठेवून सेल्फ मारला, बुडबुडे थांबून स्वच्छ डिझेल आल्यावर नट आवळले. पुन्हा पुठ्ठा, पुन्हा रेस. कोरडा.

मोठ्या भोकाचे पाईप घातले की पिकअप वाढतो असं लाईनवर बरेच जण सांगतात, म्हणून तेही विचारलं. विकायची संधी असून त्यांनी नाही म्हटलं. डिझेल किती जायचं ते पंपाचा एलिमेंट (आतला डिझेल दाबणारा दट्ट्या) मोजून देतो. पाईपचं भोक मोठं केलं की आतलं डिझेल वाढतं, दाब उशिरा चढतो आणि टायमिंग, म्हणजे डिझेल फवारायची वेळ, मागे पडतं. सगळ्या सिलिंडरचं टायमिंग सारखं राहावं म्हणूनच तर सहाही पाईप सारख्या लांबीचे असतात. जवळच्या सिलिंडरच्या पाईपला जादा वळणं दिसतात, ती उगाच दिलेली नसतात. कुणी पाईप कापून छोटा करून देतो म्हणाला तर करू देऊ नका.

उणं सांगायचं तर गल्ली अरुंद आहे. दहा चाकी गाडी आत वळत नाही, बाहेर लावून थांबावं लागतं. काम एकाच मिस्त्रींच्या हातचं, त्यामुळे नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो. मजुरी रस्त्यावरच्या मिस्त्रीपेक्षा जास्त, पण आधी ठरवून आणि पार्टची किंमत बिलात वेगळी लिहून.

कॉमन रेलच्या गाड्यांसाठी (ज्यात सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून जास्त दाबाचं डिझेल मिळतं) इथे टेस्ट बेंच नाही, आणि ते तसं तोंडावर सांगतात. बीएस ४, बीएस ६ (धुराच्या नव्या नियमांच्या गाड्या) वाल्यांनी अधिकृत ठिकाणीच जावं. त्या गाड्यांत दाब १६०० बारच्याही वर जातो. चालू इंजिनावर नट ढिला करून कोणतं सिलिंडर मिस आहे ते बघायची जुनी सवय त्या गाड्यांवर जीवघेणी आहे, आणि एकदा सोडलेला पाईप परत न वापरता नवीनच घालायला बऱ्याच कंपन्या सांगतात.

जाताना इंजिनाचा नंबर लिहून न्या, सेट त्यावरूनच निघतो. आणि सकाळी दुकान उघडताना पोचा, म्हणजे संध्याकाळी गाडी भरायला मोकळी होते.