बादलीबंद मुरवलेला चुना: बडोद्याच्या जुन्या वीटकामाला चालेल का?

वास्तुविशारद रॉबर्ट फेलोज चिझमने बडोदा कॉलेजवर, म्हणजे आजच्या सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेवर, विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देणारा घुमट चढवला तो १८८०च्या आसपास. त्या काळचं बडोद्यातलं वीटकाम चुन्यातलं. अशा भिंतीला सिमेंटचा दर्जा (विटांच्या सांध्यातलं भरण) भरला की ओल सांध्यातून बाहेर न पडता विटेतून पडते. खार विटेच्या पृष्ठभागामागे साचतो आणि पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत, वीट खलास!

म्हणून २० किलोच्या बादलीत मिळणारा तयार चुना पाहिला. झाकण उघडल्यावर वर पाण्याचा थर हवा. नसेल तर कडक झालेला पापुद्रा काढून टाका, तो मळून पुन्हा मऊ होत नाही. खालचा चुना थापीवर चक्क्यासारखा उभा राहिला, म्हणजे नीट मुरलेला. तरी 'शुद्ध' या शब्दावर विसंबू नका. थोडा मसाला (चुना-वाळूचं मिश्रण) करून ठेवा. दुसऱ्या दिवशी नखाने ओरखडा उठेना, तर आत सिमेंट मिसळलंय.

प्रमाण मापाने घ्यावं: १ चुना, २ ओरसंग नदीची धुतलेली वाळू, १ बारीक सुरखी (भाजलेल्या विटेची पूड). सुरखीमुळे ओलीतही पकड येते आणि नव्या सांध्याचा भगभगीत पांढरेपणाही मरतो. वरून पाणी घालायचं नाही. चांगला कुटला की मसाला आपोआप सैल होतो. गवंडी हमखास पाणी ओततात आणि मग सांध्यात केसासारख्या भेगा पडतात.

जुना दर्जा २५ मिमी खोल छिन्नीने काढा. ग्राइंडर विटांच्या कडा खातो. आदल्या दिवशी भिंत भिजवा, भरल्यावर निदान आठवडाभर ओलं गोणपाट लावा. १० मिमीच्या सांध्याला एक बादली, नासधूस धरून, साधारण ८ ते ९ चौरस मीटर पुरते.

मे महिन्यात हे काम काढू नका: चुना जमण्याआधीच वाळतो आणि बोटाला भुकटी लागते. पावसात तो धुऊन जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

कमानी आणि व्हरांड्याच्या भिंतींसाठी पाचपैकी चार गुण. घुमटाचा माथा, पन्हळी आणि कंगण्यांच्या (भिंतीबाहेर आलेल्या पट्ट्यांच्या) वरच्या बाजूसाठी मात्र दोनच. तिथे पाणी थांबतं. निव्वळ मुरवलेला चुना टिकत नाही, सुरखी वाढवावी लागते.