जुनं तिकीट खरं की नकली : भिंग, निळा दिवा की सर्टिफिकेट, पैसे कशावर घालावे?

चोपड्याच्या एका दादांनी विचारलं होतं, घरातल्या जुन्या पेटीत कापसाच्या व्यापाराची पत्रं निघाली, त्यात एकावर निळं अर्धा आण्याचं तिकीट आहे, आणि एक जण त्यांना सिंद डाकही (सिंधमधलं जुनं टपाल तिकीट) विकायला बघतोय, तर तपासायला नेमकं काय घ्यावं. मी तिन्ही प्रकार वापरलेत, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितो.

पहिलं भिंग. जळगावच्या सराफ बाजारात हिरे बघायला जे दहापट भिंग वापरतात तेच घ्या, वेगळं काही नको. १८५४ चं अर्धा आणा निळं तिकीट कलकत्त्याला लिथोग्राफीने छापलं, म्हणजे दगडावरून, त्यामुळे शाई कागदावर सपाट बसते, हात फिरवला तर उंचवटा नाही, मागून दाब नाही. आजच्या प्रिंटरवर छापलेली नक्कल असली ना, तर भिंगाखाली रेघ तुटते आणि निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसायला लागतात, मग पुढे काही तपासायची गरजच नाही. मग कडेच्या कमानी मोजा. विक्रीला आलेल्या निळ्याला प्रत्येक बाजूला आठ आहेत, साडेनऊ कमानींचं लाल होतं ते वेगळं, टपालात आलंच नाही. आणि ही तिकिटं बिनदात्यांची, कात्रीने कापून लावायची, त्यामुळे कडा वाकड्यातिकड्या असल्या म्हणून लगेच शंका घेऊ नका. भिंगाची मर्यादा एवढीच की जुन्या काळी मुद्दाम लिथोनेच केलेल्या चांगल्या नकला यात सुटतात, तिथे अक्षर न् अक्षर खऱ्या नमुन्याशी ताडून बघावं लागतं.

निळा दिवा म्हणजे दुकानात नोटा चेक करतो तो. उपयोग आहे पण एकाच बाजूने. कागद पांढरा दिसावा म्हणून चमक आणणारं रसायन विसाव्या शतकाच्या मध्याला आलं, म्हणून १८५४ चा कागद त्या दिव्याखाली झगमगला तर तिकीट बाद, सरळ बाद. पण नाही चमकला तर खरं असं होत नाही, जुन्या वहीचा कोरा कागद फाडून त्यावर कोणी छापू शकतं. स्पेराटी नावाचा एक होता (१९५७ मध्ये वारला), तो तर खऱ्या स्वस्त तिकिटाची छपाई धुऊन काढायचा आणि त्याच कागदावर महागडं तिकीट छापायचा, म्हणजे कागद खरा, शिक्का पण बऱ्याचदा खरा आणि तिकीट खोटं. अशा मालापुढे दिवा काय करणार.

वॉटरमार्कचंही तसंच आहे भाऊ. १८५४ च्या निळ्याच्या कागदात ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह आहे पण ते पूर्ण शीटभर मोठं, एका तिकिटात छोटासा तुकडा येतो, त्यामुळे नीट दिसलं नाही म्हणून घाबरायचं नाही.

आता सिंद डाक. ते १८५२ मध्ये बार्टल फ्रिअरने सिंधमध्ये काढलं, आशियातलं पहिलं, तीन प्रकार : लाल लाखेचं, पांढरं आणि निळं, सगळी उठावाची. लाखेचं तर इतकं ठिसूळ की फार थोडी उरलीत, आणि म्हणूनच नकला ढिगाने आहेत. मोबाईलचा टॉर्च आडवा धरून उठाव बघा, मधलं कंपनीचं, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं चिन्ह पुसट, चपटं वाटलं तर परत द्या. पण उठाव छान दिसला म्हणूनही पैसे मोजू नका, इथे फक्त सर्टिफिकेट. एक्स्पर्ट कमिटी तिकीट हातात घेऊन बघते, दुरुस्ती, नवा शिक्का, भरलेला कागद हे सगळं काढते, लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची कमिटी १८९४ पासून हेच काम करतेय. खर्च आणि वेळ दोन्ही लागतं हे खरं. माझ्या ओळखीच्या एका भुसावळच्या काकांनी सर्टिफिकेट आहे ऐकूनच पैसे दिले, नंतर फोटोतल्या कडा आणि हातातल्या तिकिटाच्या कडा जुळेनात, सर्टिफिकेट खरं होतं पण दुसऱ्याच तिकिटाचं. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

तर दादा, निळ्यासाठी भिंग घ्या, दिवा शेजारच्या दुकानात मागून बघा, वेगळा विकत नको. सिंद डाकचे पैसे मात्र सर्टिफिकेट हातात आल्यावरच, आणि नकली ठरलं तर पैसे परत हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या, नाही म्हणाला तर सौदा सोडा. आणि ते निळं तिकीट पत्रावरून पाण्यात घालून सोडवू नका कृपा करून, शिक्क्याची शाई तिकिटावरून कागदावर गेलेली असेल तर तो मोठा पुरावा आहे, सोडवलं की गेला.